चामड्याचं काम शिकताना : रापी, आरी, दोरा आणि कमावलेलं कातडं

मेणदोरा | १४ जून, रात्री ९:४०

तीन वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसच्या बॅगेचा पट्टा मुळापासून उसवला. घराजवळच्या चौकात बसणाऱ्या काकांकडे नेली. त्यांनी आरीने, म्हणजे टोकाशी खाच असलेल्या टोच्याने, भोक पाडलं, आरीच्या खाचेत खालून दोरा अडकवून वर ओढला, दुसरं टोक त्या फाशातून काढलं आणि आवळलं. असे बारा-तेरा टाके. दहा मिनिटंही लागली नसतील. त्या बॅगेची कारखान्यातली शिवण नंतर दोन ठिकाणी गेली, काकांचे टाके आजही जागच्या जागी आहेत. त्या दिवशी मी त्यांचे हात बघत उभी राहिले आणि हे आपल्याला यायला हवं असं मनापासून वाटलं.

तेव्हापासून शिकते आहे. आत्तापर्यंत कार्ड ठेवायची सात-आठ पाकिटं, दोन पट्टे, एक चष्म्याचं घर आणि भावासाठी वहीचं वेष्टण केलं. मराठीत या छंदाबद्दल एका जागी फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. मला जे कळलं ते लिहिते, चुकलं तर सांगा, आणि ज्यांच्या घरात हे काम आहे त्यांनी तर नक्कीच सांगा.

सगळ्यात आधी कातडं. माझे पहिले दोन महिने यातच वाया गेले. सोफ्याच्या दुकानातून मऊसूत तुकडे आणले आणि त्यांच्या कडा घोटून चकचकीत करायला बसले. पाणी लावा, डिंक लावा, लाकडाने घासा, काही केल्या कड बसेना, फक्त केसाळ होई. ते क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेलं (कुजू नये म्हणून प्रक्रिया केलेलं) कातडं होतं. क्रोमचं कातडं मऊ, लवचीक, पाण्याला दाद न देणारं. जाकीट, पर्स, बुटांचे वरचे भाग, सोफे यांना तेच बरं. पण ठसा उमटवायचा, ओलं करून आकार द्यायचा किंवा कड घोटायची तर झाडांच्या सालीफळांत कमावलेलं कातडं हवं. ओळखायची सोपी खूण म्हणजे कापलेली कड बघा. क्रोमच्या कातड्याचा गाभा बहुधा राखाडी-निळसर दिसतो, सालीत कमावलेल्याचा तपकिरी. रंग न दिलेल्या भागावर पाण्याचा थेंब टाका. सालीत कमावलेलं तो पिऊन टाकतं आणि तिथे गडद होतं.

मग जाडी. पाकिटाच्या आतल्या कप्प्यांना ०.८ ते १ मिमी, बाहेरच्या भागाला १.२ ते १.५, कमरेच्या पट्ट्याला ३.५ ते ४ मिमी. परदेशी व्हिडिओंत जाडी औंसात सांगतात, १ औंस म्हणजे साधारण ०.४ मिमी. चार कप्पे एकावर एक आले की कड किती जाड होते याचा अंदाज मला पहिल्या पाकिटानंतर आला. ते बंदच होईना. तिथे कामाला येते रापी, म्हणजे कातडं छिलायची रुंद पात्याची सुरी. शिवणीजवळची कड आतल्या बाजूने छिलून पातळ करायची, म्हणजे थर चढले तरी फुगवटा येत नाही.

हत्यारं सुरुवातीला थोडीच घ्या. माझी यादी अशी होती : चांगली सुरी, पोलादी पट्टी, डायमंड चिझल, म्हणजे ठोकून टाक्यांची भोकं पाडायचं दातेरी हत्यार (दोन दात्यांचं आणि सहा दात्यांचं, दात्यांत ४ मिमी अंतर), प्लास्टिकच्या तोंडाची हातोडी, बोथट टोकाच्या दोन सुया, ०.८ मिमी मेणाचा पॉलिस्टर दोरा, कडेचा कोपरा तासायचं छोटं हत्यार आणि घोटायला सागाचा गोल दांडा. खाली ठेवायला ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा मार्बलवाल्याने तसाच दिला. छिलायला त्याच्याइतकी सपाट जागा नाही. मात्र चिझल ठोकताना वर प्लास्टिकचा जाड पाट ठेवा, नाहीतर दाते पहिल्याच ठोक्याला जातील. सगळं मिळून मला साडेतीन हजारांच्या आत पडलं.

टाका मी शिकले तो सॅडल स्टिच, म्हणजे खोगीर शिवणाऱ्यांचा. एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, एक तुटला की शेजारचे टाके सुटत जातात. इथे प्रत्येक भोकात दोन दोरे असल्याने एक झिजला तरी दुसरा धरून राहतो. शिवणीच्या लांबीच्या चौपट दोरा घ्या. आणि एकच नियम शेवटपर्यंत पाळा : जी सुई आधी घातली तीच दर वेळी आधी, ज्या दिशेला ओढलं त्याच दिशेला दर वेळी. हा क्रम चुकला की टाके तिरके-सरळ-तिरके असे दिसतात.

इथे कोण कोण हे करतं?

आडवाट | १४ जून, रात्री १०:२५

वाचनखूण साठवली. दोन प्रश्न. एक, कातडं घ्यायचं कुठून? ऑनलाइन मागवलं तर चित्रात एक आणि हातात भलतंच येतं. दोन, सुरुवात पट्ट्यापासून करू की पाकिटापासून?

मेणदोरा | १५ जून, सकाळी ७:१०

मी पहिल्यांदा धारावीत गेले. सायन-वांद्रे लिंक रोडवर तयार वस्तूंची दुकानं दिसतात, कातड्याचे व्यापारी आतल्या गल्ल्यांत आहेत. पूर्ण कातडं चौरस फुटावर विकतात. प्रत्येक कातड्याच्या मागे त्याचं माप लिहिलेलं असतं, ते बघून घ्या. शिकणाऱ्याने मात्र कटपीस, म्हणजे उरलेले तुकडे, घ्यावेत, ते वजनावर मिळतात. दोन किलो कटपिसांत माझं सहा महिने भागलं. जाताना जाडी मोजायचं छोटं कॅलिपर खिशात ठेवा, आणि घाई नसलेल्या वेळी जा. मला एका व्यापाऱ्यांनी अर्धा तास समोर बसवून म्हशीचं, बकरीचं आणि मेंढीचं कातडं हाताने ओळखायला शिकवलं.

सुरुवात कार्डांच्या पाकिटाने करा. दोन तुकडे, तीन बाजूंना शिवण. पट्ट्याचं कातडं महाग पडतं आणि त्यात चूक लपत नाही.

पडवी | १५ जून, सकाळी ११:०२

आम्ही कुडाळचे. इथे जुलैमध्ये कपाटातल्या चपलांवर आठ दिवसांत पांढरी बुरशी धरते. मी गेल्या वर्षी हौसेने केलेला पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवला होता, ओल लागू नये म्हणून. गणपतीत काढला तर हिरवा झालेला. सालीत कमावलेल्या कातड्याचं कोकणात काय करायचं?

द्रावण | १५ जून, दुपारी १:३०

पडवी, प्लास्टिकनेच घात केला. कातड्यात स्वतःची ओल असते, ती पिशवीत कोंडली गेली. हवेतली आर्द्रता सत्तर टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला तेवढं पुरतं, आणि वर तेल जास्त चोपडलं असेल तर तिला खाऊही मिळतो. सुती कापडात गुंडाळून, हवा खेळेल असं टांगून ठेवा. सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या मधूनमधून वाळवा, एकदा पाणी प्यायल्यावर त्यांचा उपयोग संपतो. आलेली बुरशी आधी घराबाहेर नेऊन कोरड्या ब्रशने झाडा, मग पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे करून फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवू नका, कातडं कडक होऊन तडकतं.

मी रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून कमावण्याबद्दल थोडं लिहितो. कच्चं कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू. ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर पत्र्यासारखं होतं. कमावणं म्हणजे त्या तंतूंमध्ये असं काहीतरी बसवणं की ते कुजणारही नाहीत आणि वाळून एकमेकांना चिकटणारही नाहीत. साल-फळांतली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिनं, हे काम हळूहळू करतात, आठवडे किंवा महिने लागतात. क्रोमियमचे क्षार तेच एखाद्या दिवसात करतात आणि तंतूंना जास्त घट्ट बांधतात. नीट क्रोम केलेलं कातडं उकळत्या पाण्यातही आकसत नाही. सालीत कमावलेलं त्याच्या बरंच आधी आकसतं. म्हणून ओलं कातडं वाळवायला हेअर ड्रायर लावू नका.

टॅनिनांतही दोन कुळं. हिरड्यातली एक, बाभळीच्या सालीतली दुसरी. हिरड्याने रंग फिकट पिवळसर राहतो. बाभळीने तांबूस येतो आणि उजेडात आणखी लाल होत जातो. आपल्याकडे दोन्ही एकत्र वापरायची पद्धत आहे ती उगाच नाही.

एक कळकळीची विनंती. कातडं ओळखण्यासाठी तुकडा जाळून बघा असा सल्ला अनेक व्हिडिओंत असतो. घरात तसं करू नका. क्रोमचं कातडं जाळलं की राखेत सहा-संयुजी क्रोमियम तयार होऊ शकतं आणि ते विषारी आहे. पाण्याचा थेंब आणि कापलेली कड, एवढ्यावर काम भागतं.

मेणदोरा | १५ जून, रात्री ८:५५

द्रावण, तुम्हाला एक विचारायचंच होतं. चष्म्याचं घर ओलं करून लाकडी साच्यावर चढवलं आणि कडा दाबायला लोखंडी वजनं ठेवली. सकाळी बघते तर जिथे वजन टेकलं तिथे निळे-काळे डाग. पुसून जाईनात, घासून जाईनात. फार वाईट वाटलं, कारण त्याआधी दोन रात्री त्याच्यावर नक्षी काढली होती.

द्रावण | १५ जून, रात्री ९:२०

ती शाई आहे, खरोखरच. लोखंड आणि टॅनिन ओलाव्यात भेटले की काळा रंग तयार होतो. जुनी शाई याच तत्त्वावर करत. डाग ताजा असेल तर लिंबाचा रस पाण्यात पातळ करून लावा, फिकट होईल. मग स्वच्छ पाण्याने पुसून घ्या. पुढच्या वेळी वजनाखाली काच किंवा लाकूड ठेवा. ओल्या कातड्यावर काम करताना हातावर आणि पाटावर पोलादाचा कीसही नको, धार लावल्यावर हात धुऊन या.

आणि हाच डाग मुद्दाम पाडला तर उत्तम काळा रंग मिळतो. गंजलेले खिळे किंवा लोखंडी कीस आठवडा-दोन आठवडे व्हिनेगरमध्ये ठेवा. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो. ते पाणी गाळून सालीत कमावलेल्या कातड्यावर ब्रशने फिरवलं की बघता बघता काळं होतं. आधी हिरड्याचा काढा किंवा कडक कोरा चहा दिला तर रंग आणखी खोल जातो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारायचं, वाळवायचं आणि हलका तेलाचा हात द्यायचा. हा रंग कपड्याला लागत नाही, कारण तो वर बसलेला नसतो. कलमकारीतला काळा रंगही असाच : लोखंड आणि गूळ आंबवून केलेलं पाणी, हिरडा दिलेल्या कापडावर.

तिरकिट | १६ जून, सकाळी ६:४५

मी तबला वाजवतो, चामड्याचं काम म्हणून कधी या गोष्टीकडे पाहिलं नव्हतं. पण पुडी (तोंडावरचं कातडं), गजरा (त्याच्या कडेची वेणी), वादी (ताणायची कातड्याची दोरी) हे शब्द रोज तोंडी असतात. तबल्याची वादी न कमावलेल्या कातड्याची असते, म्हणून पावसाळ्यात ढिली पडते आणि उन्हाळ्यात सूर चढतो. द्रावण यांचं वाचल्यावर आज पहिल्यांदा त्यामागचं कारण नीट कळलं. आभार.

मिडलंड्समधून | १६ जून, दुपारी ३:१५

मी इंग्लंडमध्ये वॉल्सॉलच्या जवळ राहतो. हे खोगिरांचं गाव, इतकं की इथल्या फुटबॉल संघालाही सॅडलर्सच म्हणतात. काही वर्षांपूर्वी इथलं चामड्याचं संग्रहालय पाहिलं, जुन्या कारखान्याच्या इमारतीत. तिथे एक निवृत्त कारागीर शिवून दाखवत होते. त्यांच्याकडून कळलेली एक गोष्ट सांगतो, मेणदोरा यांच्या उपयोगी पडेल.

ते चिझल आरपार ठोकतच नव्हते. दात्यांनी फक्त खुणा करायच्या, आणि भोक दर टाक्याला आरीनेच पाडायचं. उजव्या हातात आरी आणि सुई दोन्ही, डाव्या हातात दुसरी सुई, कातडं गुडघ्यांत धरलेल्या लाकडी चिमट्यात. त्यांच्या आरीच्या पात्याचा छेद पत्त्यांतल्या चौकटसारखा, पातं सरळ, बिनखाचेचं. त्याने पडलेलं भोक म्हणजे तिरकी चीर असते आणि दोरा तिच्यात गच्च बसतो. चिझलने सगळी भोकं आधीच पाडून ठेवली तर जाड कातड्यात मागची रांग भरकटते. चार मिलिमीटरच्या पट्ट्यावर हा फरक डोळ्यांना दिसतो.

शिकायला वेळ लागतो हे खरं. माझी डाव्या हाताची बोटं महिनाभर टोचलेली होती. आता मात्र चिझल मी पातळ पाकिटांपुरतंच वापरतो.

आडवाट | १६ जून, रात्री ९:००

माझी गाडी रापीवरच अडली. ऑनलाइन घेतली, नवी कोरी. कातडं छिलायला जातो तर एक तर सरकतच नाही, नाहीतर एकदम आत घुसून भोक पडतं. तीन तुकडे वाया घालवले. हत्यार खराब आहे का?

पायताण | १७ जून, रात्री ११:३०

दोन दिवस हा धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

आमचं घर कोल्हापूरला जवाहरनगरात. आप्पा चप्पल करतात, त्यांचे वडीलही तेच करायचे. त्याआधी आजोबांच्या गावी मोटा शिवायचं काम होतं, विहिरीतून पाणी ओढायच्या चामडी पिशव्या. वादीने शिवलेली मोट आणि तिची सोंड. पाण्यात गेली की कातडं फुगायचं आणि टाके आपोआप बंद व्हायचे, थेंब गळायचा नाही. इंजिन आणि विजेचे पंप आले तशा मोटा गेल्या आणि घर चपलांवर आलं. आई वेण्या घालते. चपलेवर जी बारीक वेणी दिसते ती बहुतेक घरांत बायकांच्याच हातची असते, त्यांचं नाव कुठे येत नाही म्हणून इथे लिहितो.

मी ठाण्यात नोकरीला आहे. शाळेत मला कातड्याच्या वासावरून बोललेलं आठवतंय. बाकावर शेजारी बसायला नको म्हणणारी मुलं होती. आप्पांनी मला मुद्दाम रापी हातात दिली नाही, तू शिक म्हणाले. त्यामुळे आमच्या घरात चौथ्या पिढीला हे काम येत नाही. तुम्ही सगळे हौसेने शिकताय हे वाचून मला आनंद झाला आणि आत कुठेतरी दुखलंही. दोन्ही खरं आहे. तुम्हाला जो छंद आहे त्याच कामावरून आमच्या लोकांना गावाबाहेर ठेवलं होतं, एवढं लक्षात असू द्या.

आता आडवाट यांचा प्रश्न. आज आप्पांना फोनवर सगळा धागा वाचून दाखवला. रापीबद्दल ते म्हणाले, "नवी रापी म्हंजे नुसतं लोखंड. दुकानातनं आलेली धार धार न्हवं. आधी दगडावर एका अंगानं उतरव, दुसऱ्या अंगाला नुसती लव काढ. मग कातड्याच्या तुकड्यावर पुसून घे, घडीघडीला. आणि रापी ढकलायची न्हाई, सरकू द्यायची."

म्हणजे एकाच बाजूला उतार हवा, दुसऱ्या बाजूची फक्त धारेवर आलेली बारीक लव काढायची, पातं सपाट बाजूने कातड्यावर जवळपास आडवं टेकलं पाहिजे. तुम्ही ते उभं धरत असाल, म्हणून आत घुसतं. छिलायच्या जागेमागे डाव्या हाताने कातडं ताणून धरा. हात कधीही पात्याच्या पुढे नको.

मेणदोरा यांनी जाडी नीट सांगितली, पण कातडं जनावराच्या कुठल्या भागाचं ते सांगितलं नाही. आप्पा म्हणतात, "पोटाचं कातडं लबाड असतंय. आज मापात, उद्या ढिलं." पाठीचा भाग घट्ट, ताणत नाही. पोटाकडचा सैल. मानेकडे सुरकुत्या. कमरेचा पट्टा पाठीच्या कण्याला समांतर कापा, आडवा कापलात तर महिन्याभरात दोन भोकं वाढवावी लागतील. चपलेचा तळ पाठीच्या म्हशीच्या कातड्याचा, तोही आधी पाण्यात भिजवून हातोडीने कुटून घट्ट केलेला. पट्टे आणि वेणीला बकरीचं.

मेणदोरा | १८ जून, सकाळी ६:२०

पायताण, तुमचा प्रतिसाद रात्री तीनदा वाचला. तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. मोटेचं आणि आईंच्या वेण्यांचं मी इथे विचारलंही नसतं, कारण मला ते माहीतच नव्हतं. आणि शाळेबद्दल जे लिहिलंत ते मी विसरणार नाही.

एक विचारू? आप्पा शिकवतील का? दोन-तीन दिवस, त्यांच्या सोयीने. त्या दिवसांत त्यांचे जेवढे जोड होतात तेवढी मजुरी आणि शिकवायचे वेगळे पैसे, असं मी म्हणते. आकडा त्यांनी सांगावा.

पडवी | १८ जून, सकाळी १०:४०

पायताण, ठाण्यात कधी भेटता आलं तर आवडेल. माझ्या आजोबांच्या पायात कापशीची चप्पल (कोल्हापुरीचाच एक प्रकार) असायची, ते दर पावसाळ्यानंतर तिला एरंडेल लावून सावलीत उलटी टांगायचे. तीच चप्पल मी बारा-तेरा वर्षं त्यांच्या पायात पाहिली.

एक शंका : मी घरी शिकून चप्पल केली आणि एखाद्या प्रदर्शनात कोल्हापुरी म्हणून विकली तर चालेल का?

पायताण | १८ जून, रात्री १०:१५

कोल्हापुरी म्हणून नाही विकता येणार. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट. त्या भागातल्या, नोंदणी असलेल्या कारागिरांनाच ते नाव वापरता येतं. तिकडच्या अथणी, निपाणीच्या लोकांचं कामही तितकंच जुनं आहे, हे आमच्याकडे काही जण मान्य करत नाहीत, पण आप्पा करतात. तुम्ही स्वतः घालायला करा, कुणाला भेट द्या. विकताना हाताने शिवलेली चामड्याची चप्पल एवढंच म्हणा.

२०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीने अगदी आमच्यासारखी चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. इकडे लोक बोलल्यावर कंपनीने प्रेरणा भारतीय चपलेची आहे हे मान्य केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊनही गेली. त्या आठवड्यात आप्पांना भेटायला चार वेगवेगळे पत्रकार आले. जोडामागची मजुरी मात्र त्या आठवड्यात होती तेवढीच होती.

मेणदोरा, आप्पा हो म्हणालेत. पैशाचं विचारल्यावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आधी येऊ दे, हात बघतो. पैसे मी ठरवून सांगेन, ते सांगणार नाहीत. पावसाळ्यात तळ वाळत नाहीत, काम मंद असतं. दिवाळीआधी घाई असते. ऑगस्टमध्ये या.

मिडलंड्समधून | १९ जून, दुपारी २:५०

मेणदोरा, गेलात की कमावण्याबद्दलही विचारून या. मी ऐकलंय की कोल्हापूरकडे कातडं पिशवीसारखं शिवून त्यात सालीचं पाणी भरत. इथे तशी पद्धत पाहिली नाही, इथे खड्ड्यांत किंवा पिंपांत घालतात.

पायताण | १९ जून, रात्री ९:३०

बरोबर ऐकलंत. आधी चुन्याच्या पाण्यात ठेवून केस काढायचे. मग कातडं कडेने शिवून त्याचीच पिशवी करायची, आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरून टांगायची. पाणी कातड्यातून झिरपत बाहेर येतं, खाली भांड्यात गोळा होतं, ते परत वरून ओतायचं. मग पिशवी उलटी करून टांगायची, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं लागतं. हे काम ढोर समाजाकडे होतं, आम्ही त्यांच्याकडून कमावलेलं घ्यायचो. माझ्या लहानपणी त्या पिशव्या टांगलेल्या पाहिल्यात. आता करणारी घरं फार कमी राहिलीत, आणि आप्पांचं बरंचसं कातडं चेन्नईकडून येतं. जुन्या पिशवीतल्या कातड्याचा एक तुकडा त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलाय, कुणी जाणकार आलं की हातात देतात.

आडवाट | २ जुलै, रात्री ८:१०

रापीला आप्पांनी सांगितल्याप्रमाणे धार केली. काचेवर ४००, १०००, २००० नंबरचा पॉलिश पेपर, एकाच अंगाने, नंतर चामड्याच्या पट्टीवर हिरवी पेस्ट लावून घासली. पंधरा मिनिटं लागली. आज पहिल्यांदा कड सलग सोलून निघाली, पेन्सिल सोलल्यासारखी वेटोळी. आप्पांना माझा नमस्कार सांगा.

मेणदोरा | २४ ऑगस्ट, रात्री १०:०५

तीन दिवस जवाहरनगरात होते. परवा परत आले.

पहिल्या दिवशी आप्पांनी माझं पाकीट हातात घेतलं, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "टाके सरळ हाईत. कातडं मेलेलं हाय." त्यांना म्हणायचं होतं की मी ते घोटून घोटून नको इतकं कडक केलंय. कड घोटायची ती पाणी अर्धवट सुकल्यावर, कातडं हाताला गार लागेल पण ओलं लागणार नाही अशा वेळी. मी चिंब असताना घासत होते, त्याने तंतू बसतात पण वरची कातडी जळते.

मग बकरीचं एक कातडं समोर टाकलं आणि वेणीच्या पट्ट्या काढायला सांगितल्या. रापीने कातड्याची अर्धी जाडी काढून टाकायची, दोन हात लांब, मध्ये कुठेही जाड-बारीक नको. त्यांना बसायला गोणपाट, मला मुद्दाम सतरंजी अंथरली होती. मी ती बाजूला सारून गोणपाटावर बसले तर आप्पांनी काही न बोलता स्वतःचं गोणपाट अर्धं माझ्याकडे सरकवलं. त्यांची रापी माझ्या सुरीच्या तिप्पट जुनी, पातं झिजून निम्मं झालेलं. दर चार-पाच फटक्यांनंतर ती शेजारच्या चामड्यावर दोनदा पुसली जाते, बोलता बोलता, न बघता. मी धार गेली की लावायचे. ते धार जाऊच देत नाहीत.

पहिला दिवस सगळ्या पट्ट्या तुटल्या. दुसऱ्या दिवशी वीतभर लांबीच्या निघाल्या. आई शेजारी वेण्या घालत होत्या, त्यांनी माझी डाव्या हाताची पकड बदलली. अंगठ्याने दाबू नको, तळव्याने धर, म्हणाल्या. तेवढ्याने बराच फरक पडला. संध्याकाळी आप्पांनी ट्रंकेतला तो पिशवीतल्या कातड्याचा तुकडा दाखवला. जाड, मधासारख्या रंगाचा. कडेला अजून जुन्या शिवणीची भोकं आहेत. नाकाशी धरला तर ओल्या सालीचा वास येतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी पहिली अखंड पट्टी निघाली. आप्पांनी ती उजेडात धरली, नखावर वाकवून पाहिली आणि आईंच्या पुढ्यातल्या पट्ट्यांच्या ढिगात टाकली.

द्रावण, पिशवीतला तुकडा आणि चेन्नईचं कातडं यांचे नखाएवढे नमुने आप्पांनी तुमच्यासाठी दिलेत, पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा. मिडलंड्समधून, आरीबद्दल तुम्ही म्हणता ते आप्पांनाही पटलं, फक्त त्यांच्या मते चीर फार तिरकी नको, वादी चुरगळते.

पायताण | २४ ऑगस्ट, रात्री ११:५०

ती पट्टी आईने त्याच संध्याकाळी वापरली. कुठल्या जोडात गेली ते आता तिलाही सांगता येत नाही.

मी पुढच्या महिन्यात चार दिवस रजा टाकलीय. रापी आणायची गरज नाही, आजोबांची घरी आहे, असं आप्पा म्हणालेत.